'ऱ्यू', 'तात्सु' आणि आपला नाग

प्रश्न असा आहे: जपानीत ड्रॅगनला कुठे 'ऱ्यू' तर कुठे 'तात्सु' म्हटलेले आढळते, शिवाय त्याचे अक्षरही चिनी मजकुरातल्यापेक्षा वेगळे दिसते, मग हे प्राणी वेगवेगळे आहेत का, आणि मराठीत त्यांना सरळ 'नाग' म्हणावे का?

प्राणी एकच आहे. 'ऱ्यू' हा चिनी 'लुंग'चा जपानी जिभेवर बसलेला उच्चार, तर 'तात्सु' हा जपानीचा घरचा शब्द. एकाच चिन्हाचे असे दोन उच्चार असणे ही त्या लिपीतली नेहमीची गोष्ट आहे. डायनोसॉरला 'क्योऱ्यू', म्हणजे भयंकर ड्रॅगन, म्हणतात. उलट घुमत वर चढणारे वादळ म्हणजे 'तात्सुमाकी', ड्रॅगनचे वेटोळे. समुद्रघोड्याला तर 'तात्सु नो ओतोशिगो', ड्रॅगनचे अनौरस मूल, असे नाव आहे, आणि ते ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. मात्र बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातला 'तात्सु' लिहिताना निराळेच चिन्ह वापरतात.

अक्षराचे म्हणाल, तर पारंपरिक रूपाला १६ रेघा लागतात: डावीकडे वर 'उभे राहणे' या अर्थाचा भाग, त्याखाली मांसाचे चिन्ह आणि उजवीकडे वळणे घेणारे अंग. चीनमध्ये १९५६ पासून सुरू झालेल्या सरलीकरणात त्याच्या अवघ्या ५ रेघा उरल्या. जपानमधील १९८१ च्या जोयो कांजी यादीतले, म्हणजे नित्य वापराच्या चिन्हांच्या सरकारी यादीतले, रूप १० रेघांचे असून त्यात वर तोच 'उभे राहणे', खाली आडव्या रेघेने दुभागलेली चौकट आणि तिच्यातून निघून उजवीकडे वर वळलेली शेपटी आहे. हे रूप आधुनिक काटछाट वाटते खरे, पण ते जुनेच आहे, आणि मुकुटासारखे डोके व वळलेले शरीर असलेल्या, चीनच्या प्राचीन शांग राजवटीच्या काळात हाडांवर कोरलेल्या आकृतीशी त्याचे साम्य चटकन जाणवते. व्यक्तिनामांत जपानी लोक आजही हौसेने १६ रेघांचे रूप लिहितात.

आता नागाकडे वळू. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना अनुवादकांनी 'नाग' या शब्दासाठी हेच अक्षर योजले, कारण पाण्यावर आणि पावसावर सत्ता हा दोघांचा समान गुण. इसवी सन ४०६ मध्ये कुमारजीवाने केलेल्या सद्धर्मपुंडरीकाच्या अनुवादात आठ नागराज येतात. त्यांतले वासुकी आणि तक्षक जपानीत 'वाशुकित्सु' आणि 'तोकुशाका' झाले आहेत. आपल्या पुराणांतली ही मंडळी तिथे पायांची आणि शिंगांची झाली.

म्हणून माझे मत असे की बौद्ध संदर्भात 'नाग' किंवा 'नागराज' हाच अचूक प्रतिशब्द आहे, पण चिनी सम्राटाच्या झग्यावरच्या पाच नखांच्या प्राण्याला 'नाग' म्हटल्यास मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे फणा उभा राहील. तेथे 'ड्रॅगन' हा रुळलेला शब्दच बरा. अनुवादकाने सावध राहावे ते विशेषनामांबाबत: जपानी मजकुरातला 'ऱ्यूजू' अक्षरशः 'ड्रॅगन-वृक्ष' असला, तरी अर्जुन हे झाडाचेही नाव आहे हे लक्षात घेतले की तो आपला बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन आहे हे उलगडते.