संबंधितांना वाटेतच सोबत घ्या
२००१ च्या अजाइल (छोट्या टप्प्यांत, अभिप्राय घेत सॉफ्टवेअर घडवण्याच्या पद्धतीच्या) जाहीरनाम्यामागील १२ तत्त्वांपैकी एकानुसार व्यवसायाची बाजू सांभाळणाऱ्यांनी आणि विकासकांनी प्रकल्पभर दररोज एकत्र काम करायचे असते. नवखे मात्र सुरुवातीला संबंधितांच्या, म्हणजे उत्पादन वापरणाऱ्या किंवा मंजूर करणाऱ्यांच्या, गरजा लिहून घेतात आणि थेट शेवटच्या सादरीकरणालाच भेटतात. महिन्याभराच्या स्प्रिंटचा (कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेरीचा) रिव्ह्यू, म्हणजे झालेले काम संबंधितांसोबत तपासण्याची बैठक, जास्तीत जास्त ४ तासांचा असतो. तो स्लाइड दाखवण्यात न घालवता चालते उत्पादन संबंधितांच्या हाती द्यावे आणि ते कोठे अडखळतात हे शांतपणे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक सूचना स्वीकारू नका. ती प्रॉडक्ट ओनरकडे (उत्पादनात काय आणि कधी करायचे हे ठरवणाऱ्याकडे) जाऊ द्या, आणि नाकारली गेल्यास कारण अवश्य कळवा. मी एकदा लेखा विभागाला (अंतिम मंजुरी त्यांचीच होती!) उशिरा बोलावले आणि दोन स्प्रिंटचे काम पुन्हा करावे लागले.