कायझेनची बचत शीटवर दिसते, खात्यात का दिसत नाही?

तुमचा प्रश्न असा : चाकणच्या प्लांटमध्ये वर्षभर कायझेन (कामातल्या छोट्या छोट्या सुधारणा) झाली, त्यांची नोंद होते त्या शीटवरच्या बचतीची बेरीज लाखांत जाते, आणि फायनान्सवाले विचारतात, ‘पैसे आहेत कुठे?’ माझ्या मते त्यांचं विचारणं रास्त आहे.

प्रेसचंच घ्या. डाय (प्रेसमधला साचा) बदलायला, म्हणजे एका सेटअपला, 50 मिनिटं लागायची, आता 20 लागतात. दिवसाला दोन सेटअप, म्हणजे तासभर वाचला. लगेच मशीन-तासाचा दर लावून शीटवर रुपये लिहिले जातात. पण काम पुढे वेल्डिंगपाशी अडत असेल, तर त्या तासाचा एक पैसा हाती येत नाही. ऑपरेटरचा पगार तोच, मशीनचा हप्ता तोच. फायदा हवा असेल तर आधीच्या त्याच 100 मिनिटांत दोनाऐवजी पाच सेटअप करा आणि लॉट (एका सेटअपमध्ये काढायचे नग) लहान करा. मग वेल्डिंगपुढचा ढीग उतरतो, आणि तो मोजता येतो. लाइनमध्ये 6000 नग पडून आहेत आणि रोज 1500 बाहेर जातात, तर एका नगाला सरासरी चार दिवस लागतात; ढीग 3000वर आला की दोन. जॉन लिटल यांनी 1961मध्ये सिद्ध केलेला हा नियम आहे, त्याला स्टॉपवॉचही लागत नाही. कमी झालेला स्टॉक ताळेबंदात दिसतो, तिथे फायनान्सवाल्यांशी वाद उरत नाही.

ओईईकडे (मशीन किती वेळ, किती वेगाने चाललं आणि किती नग चांगले निघाले, याची एकत्रित टक्केवारी) जरा संशयाने बघा. नको असलेले नग काढूनही ती वाढते. (वाढवतातही!)

बेसलाइनचा, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या आधीच्या आकड्याचा, घोळ तर नेहमीचा. रिजेक्शन सगळ्यात जास्त झालेल्या महिन्यानंतरच प्रोजेक्ट सुरू होतो. पुढच्या महिन्यात आकडा बहुधा आपसूक खाली येतो, आणि टीमचा सत्कार होतो. त्यापेक्षा आधीचे वीसेक आठवडे कंट्रोल चार्टवर (नेहमीच्या चढउताराच्या मर्यादा दाखवणाऱ्या आलेखावर) टाका, दिवाळी आणि मार्चअखेरीला वेगळी खूण करा. नेहमीच्या चढउताराच्या बाहेर गेलं तेवढंच धरा.

बचतीचे रकाने दोन ठेवा : ओव्हरटाइम, स्क्रॅप, स्टॉक असं प्रत्यक्ष खात्यात उतरलेलं, आणि नुसती मोकळी झालेली क्षमता. दुसऱ्यात मिनिटं लिहा, रुपये नको.

शीटची संख्या मोजूच नका. टार्गेट दिलं की जमिनीवर रंगवलेले पट्टेही कायझेन म्हणून येतात.

आणि सहा महिन्यांनी डाय बदलताना स्वतः उभे राहा. ऑडिटच्या दिवशी नव्हे, रात्रपाळीत, नवा कंत्राटी ऑपरेटर असताना. 20ची 35 मिनिटं झाली असतील, तर शीटवरही 35च लिहा.