ईसीयूला हात लावू नका, आधी गाडी बंद पडलेली असतानाच तपासा

तुम्ही लिहिलेलं नीट वाचलं. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, नंतर बसवलेलं सीएनजी किट, लाखाच्या आसपास रनिंग, नाशिक-ठाणे नेहमीचं जाणं-येणं. परत येताना कसारा घाटात गॅसवर पिकअप जातो, तिसऱ्यातही गाडी ओढत नाही, पेट्रोलवर टाकली की चढते. आणि एरवी, बहुतेक उन्हात, द्वारकेला किंवा मुंबई नाक्याला गर्दीत अडकलात की गाडी एकाएकी बंद. सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट घेत नाही, पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप घेते. हे गॅसवरही होतं आणि पेट्रोलवरही. गॅरेजने प्लग, पेट्रोल पंप आणि फिल्टर बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, स्कॅनरवर कोड नाही, आणि आता ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बदलायला सांगतात.

ईसीयूचं काम आत्ता थांबवा. तुमच्या गाडीत मला एक नाही, दोन वेगळे बिघाड दिसतात. दोन्ही एकच समजून पार्ट बदलत गेल्यामुळे एकही हाती लागलेला नाही. घाटातला बिघाड फक्त गॅसवर होतो, म्हणजे तो गॅसच्या बाजूला. गर्दीतला दोन्ही इंधनांवर होतो, म्हणजे तो दोघांना सामाईक असलेल्या वस्तूत. पेट्रोल पंप बिघडला असता तर गॅसवर चालणारी गाडी तशी बंद पडली नसती. पंपाचा खर्च म्हणूनच वाया गेला. कोणी ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला दोष देईल तर त्यालाही हेच उत्तर, गॅसवर असतानाही गाडी बंद पडते आहे.

आधी बंद पडण्याचं बघू, कारण ते धोक्याचं आहे.

गाडी कशी बंद पडते हे आठवून बघा. आचके देत, रेस दिली तर सावरत, मग दम तोडत? की कोणी चावी फिरवून बंद करावी तशी एका क्षणात? इंधन कमी पडलं की इंजिन कुरकुरतं, झटके मारतं. करंट किंवा सिग्नल तुटला की काही न सांगता बंद होतं. तुम्ही ‘एकाएकी’ लिहिलंय, त्यावरून दुसरा प्रकार वाटतो. त्यात तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू, या लक्षणाला माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर जातो. हा सेन्सर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, किती फिरला हे ईसीयूला सांगतो. तो गप्प झाला की स्पार्क कधी द्यायचा आणि इंजेक्टर कधी उघडायचा हे ईसीयूला कळत नाही, आणि दोन्ही बंद होतात. आतली बारीक तारेची गुंडाळी तापून पसरली की कुठेतरी तुटते आणि निवली की पुन्हा चिकटते. द्वारकेच्या गर्दीत गाडी उभी, वारा नाही, बॉनेटखाली भट्टी. महामार्गावर वारा लागत असतो, म्हणून तिथे त्रास कमी.

‘पण कोड नाही आला’ हे उत्तर मला पटत नाही. इंजिन थांबल्यावर सिग्नल थांबणारच, त्यामुळे बऱ्याच ईसीयूंना तो बिघाड वाटतच नाही. बऱ्याचदा पी ०३३५ हा कोड सेल्फ मारताना, कॅम सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा सेन्सर) बोलतोय आणि क्रँक सेन्सर गप्प आहे असं दिसलं, तरच पडतो. तुमची गाडी गॅरेजला पोचेपर्यंत थंड होऊन सुरू झालेली असते. तेव्हा स्कॅनर लावून काही मिळणार नाही.

म्हणून एक ब्लूटूथवाला ओबीडी अॅडॉप्टर, म्हणजे ईसीयूची माहिती मोबाईलवर दाखवणारा छोटा स्कॅनर, घ्या, ईएलएम ३२७ नावाने मिळतात ते, आणि गाडीतच ठेवा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागतो, मोबाईलवर अॅपमध्ये दिसतं. गाडी बंद पडली की कडेला घ्या, हॅझार्ड लावा आणि सुरू व्हायच्या आत एवढं बघा.

चावी ऑन केल्यावर मीटरमधली चेक इंजिन लाइट लागते का? नाही लागली तर ईसीयूला सप्लायच पोचत नाही. मग मेन रिले (ईसीयूला करंट जोडणारा स्विच), फ्यूज, इग्निशन स्विच किंवा अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी). मेन रिलेच्या आतलं सोल्डरिंग तडकलं तरी तापल्यावर असंच होतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेला हलकेच टिचकी मारा, लाइट आली तर रिले बदला. स्वस्त वस्तू आहे, तापलेल्या गाडीत एकदा दगा दिलेला रिले पुन्हा वापरू नका.

लाइट लागली आणि मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंदांचा गुंगाट आला, तर ईसीयू जिवंत आहे. मग अॅपमध्ये आरपीएम उघडून पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. चांगल्या बॅटरीला साधारण १५० ते २५० आरपीएम दिसायला हवेत. सेल्फ जोरात फिरतोय आणि आकडा शून्यावरच बसलाय, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. आकडा नीट दिसतोय आणि तरी स्टार्ट घेत नाही, तर मला सांगा, रस्ता बदलावा लागेल. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (किल्ली ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) बघावा लागेल. सेल्फ सलग दहा सेकंदांवर मारू नका, आणि दर वेळी मध्ये थोडं थांबा.

शून्य दिसलं तर खात्री करायला आणखी एक उपाय. सेन्सर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तोंडाशी किंवा पुढे क्रँक पुलीजवळ असतो. हात पोचत असेल तर चावी काढून घेऊन थंड पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर दोन मिनिटं दाबून धरा. फॅन, बेल्ट आणि सायलेन्सरचा पाइप सांभाळून, आणि स्पार्क देणाऱ्या इग्निशन कॉइलवर पाणी जाऊ न देता. फडक्यानंतर लगेच सुरू झाली तर दोष तिथेच आहे. नुसता सेन्सर नको, कपलरही (वायरचा जोड) काढून बघा. आतली पिन हिरवी पडली आहे का, इन्सुलेशन कडक होऊन तडकलंय का, पाइपला घासलंय का. मखमलाबाद-गंगापूरकडे मळ्याजवळ गाडी उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडली असण्याचीही शक्यता असते. सेन्सर कंपनीचाच घ्या. याच्या बाबतीत स्वस्तातल्या पार्टवर मी विसंबत नाही, तो सुरुवातीला चालतो आणि उन्हाळ्यात पुन्हा तोच त्रास.

आता अर्थिंग. याला पैसे लागत नाहीत, म्हणून पार्ट घ्यायच्या आधी हेच करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, टर्मिनलवर नाही, खुद्द खांबावर. लाल प्रोब इंजिनच्या कोऱ्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर बरं. ०.५ किंवा वर गेलं तर अर्थची पट्टी खराब. ती बाहेरून छान दिसते, बोल्ट सोडला की पट्टीच्या टोकाच्या कडीखाली काळा-हिरवा थर निघतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत बॅटरी बदलताना निगेटिव्ह टर्मिनल नुसतं हाताने घट्ट केलेलं होतं. खड्ड्यात गेली की मीटरचे सगळे दिवे क्षणभर मंद व्हायचे, आणि मालकाला तीन पार्ट विकले गेले होते. पावसाळ्यात इगतपुरीतून ये-जा करणाऱ्या गाड्यांत हा गंज जास्त दिसतो. पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा, वर पेट्रोलियम जेली लावा.

हे सगळं झालं, सेन्सर चांगला निघाला, सप्लाय आणि अर्थिंग ईसीयूच्या पिनांवर बिघाड चालू असताना मोजून बरोबर आली, तरच ईसीयूचं नाव घ्यायचं. गॅरेजवाल्यांना एवढंच विचारा, ‘गाडी बंद पडलेली असताना ईसीयूच्या सप्लायच्या पिनेवर किती व्होल्ट होते?’ आकडा नसेल तर पैसे देऊ नका. नवा ईसीयू आला की किल्लीचं जुळवणंही करावं लागतं, तो खर्च वेगळा.

आता कसाऱ्याकडे. गॅसवर पेट्रोलपेक्षा ताकद थोडी कमीच मिळते, पण तिसऱ्यातही चढत नाही हे साधं नाही. टाकीत गॅस २०० बारपर्यंत असतो, रिड्यूसर तो उतरवून इंजेक्टरला साधारण दोन बारच्या आसपास देतो. दाब उतरताना गॅस भयंकर थंड होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. कूलंट कमी असेल, पाइपात हवा अडकली असेल किंवा थर्मोस्टॅट (कूलंटचा रस्ता उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडाच राहत असेल, तर रिड्यूसर गारठतो आणि लांबच्या चढावर गॅस पुरवू शकत नाही. घाट चढून झाल्यावर इगतपुरीला गाडी थांबवा, बॉनेट उघडा. रिड्यूसरवर दव किंवा बर्फाचा पांढरा थर दिसला, किंवा कूलंटचा एक पाइप कडक गरम आणि दुसरा गार लागला, तर कारण मिळालं. गाडी उभी केल्यावर पाचेक मिनिटांत थर विरघळून जातो, म्हणून लगेच बघा.

गारठा नसेल तर गॅसचे फिल्टर. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल थोडंथोडं गॅससोबत येतं आणि फिल्टरची घडी चिकट काळी होते. सपाटीवर गाडी ठीक वाटते, ओढ लागली की श्वास कोंडतो. त्यानंतर प्लगची गॅप. गॅस पेटवायला स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं. नवे प्लग पेट्रोलच्या गॅपने, एक मिलिमीटरच्या आसपास, तसेच टाकले असतील तर कॉइल ओढीला कमी पडते. गॅसवर ०.७ ते ०.८ चालते, तुमच्या किटवाल्याने सांगितलेली गॅप धरा. यातलं प्लग आणि पाइप चाचपणं तुम्ही करू शकता. हाय प्रेशरच्या बाजूचा एकही नट मात्र स्वतः सोडू नका, २०० बार म्हणजे जीवघेणा दाब. ते किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडेच.

गॅसवर चालवताना पेट्रोलची टाकी पाव भरलेली तरी ठेवा. बऱ्याच नंतर बसवलेल्या किटमध्ये पंप गॅसवरही फिरतच राहतो आणि त्याला थंड ठेवायला पेट्रोलच असतं. नवा पंप टाकलाच आहे, तर तो जपा.

थ्रॉटल बॉडी आणि कॅट-कॉन (सायलेन्सरच्या पाइपातलं धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तुमच्या वर्णनात बसत नाहीत. कॅट-कॉन चोंदलं असतं तर पेट्रोलवरही चढली नसती. डिझेल असती तर प्रश्नच वेगळा होता, आणि सातपूरच्या मायको (आताची बॉश) कारखान्यामुळे नॉझल-इंजेक्टर जाणणारी माणसं नाशिकला कमी नाहीत. पण तुमची पेट्रोल आहे.

हे सापडेपर्यंत घाटात सांभाळा. चालत्या गाडीत इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोनदा दाबण्याइतकाच व्हॅक्युम उरतो, म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरून ठेवा. चावी लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग अडकेल. गाडी डावीकडे घ्या, हॅझार्ड लावा, त्रिकोण मागे बराच लांब ठेवा, घरच्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३.

पुढच्या वेळी बंद पडली की चेक लाइट लागली का, पंपाचा आवाज आला का आणि सेल्फ मारताना आरपीएम किती दिसले, एवढं इथे लिहा. शक्य असेल तर अॅपच्या पडद्याचा फोटोही टाका. आणि इगतपुरीला रिड्यूसर कसा दिसला तेही.