हरिपाठ तोंडात, मन भलतीकडे

प्रश्न : ताई, आमचं घर माळकऱ्यांचं. मूळ गाव बार्शीकडचं, आता मी नवरा-मुलासह चाकणला असते. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी आषाढीची वारी कधी चुकवली नाही. 2 वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. आयसीयूच्या बाहेर बसून मी रात्रंदिवस हरिपाठ म्हणत होते. तरी दादा गेले. आता आई माझ्याकडे असते आणि रोज संध्याकाळी आम्ही दोघी हरिपाठाला बसतो, पण माझं नुसतं तोंड चालतं. विठ्ठलाच्या फोटोकडे बघवत नाही. चुलते कीर्तन करतात. ते म्हणाले, "संशयात्मा विनश्यति. तुझा भाव कमी पडला." दीर म्हणतो, सगळं थोतांड आहे, एवढी शिकलेली तू, माळ कसली घालतेस! एकांनी पितृदोष काढून शांतीच्या खर्चाचा आकडाही सांगितला. परवा 11 वर्षांच्या मुलानं विचारलं, "आई, विठ्ठलानं आजोबांना का नाही वाचवलं?" मला उत्तर देता आलं नाही. मी ढोंगी आहे का? माळ उतरवू का? आईला कळलं तर ती खचेल.
– एक माळकरीण

उत्तर : शांतीचं आधी उरकून टाकू. ती करू नकोस. बाप गेलेल्या लेकीला जो खर्चाचा आकडा सांगतो, त्याच्याशी तुझ्या श्रद्धेचं काही देणंघेणं नाही. पैसे खर्चच करायचे असतील तर आईला आळंदीला घेऊन जा, चाकणहून फार लांब नाही.

आता चुलते. संशय घेणाऱ्याचा नाश होतो, हे त्यांनी सांगितलेलं वचन गीतेच्या चौथ्या अध्यायातलं आहे, पण गीता तिथे संपत नाही. सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो, श्रद्धा आहे पण मन चळलं आणि माणूस अर्ध्या वाटेवर राहिला, तर तो फुटलेल्या ढगासारखा विरून जातो का? हा माझा संशय तूच फेड, दुसरा कोणी फेडणारा नाही. यावर श्रीकृष्ण त्याला संशयात्मा म्हणून हाकलत नाहीत. कल्याणाच्या वाटेनं जाणाऱ्या कुणाचीही दुर्गती होत नाही, असं सांगतात. आणि अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर म्हणतात, यावर नीट विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. जिथे देव एवढी मोकळीक देतो, तिथे चुलत्यांनी एवढी घाई का करावी? (कीर्तनकारांना पुढच्या ओव्या पाठ असतात, सोयीच्या वेळी आठवत नाहीत.)

"भाव कमी पडला" हे तर दुखावलेल्या माणसाला बोलायचं वाक्यच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी कुणाचा भाव बघून फुटत नाही आणि कुणाचा भाव बघून सांधतही नाही. भाव मोजून मरण टळत असतं तर देहूच्या तुकोबांची बायको दुष्काळात "अन्न अन्न करिता" मेली नसती. त्यांच्या घरात तर विठ्ठल कुळपूज्य होता.

तो अभंग तुझ्या घरी गाथ्यात असेलच. "याती शूद्र वैश्य केला वेवसाव" असा सुरू होतो. संतांनी विचारलं म्हणून तुकोबांनी त्यात स्वतःची हकीकत सांगितली आहे. आधी आईबाप गेल्याचं दुःख, मग दुष्काळ, बुडालेला धंदा, लोकांत वाटलेली लाज. आणि पुढे हे :

"आरंभीं कीर्तन करीं एकादशी ।
नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं ॥"

सुरुवातीला एकादशीला कीर्तन करायचो, पण चित्त त्यात नव्हतं, असं तुकोबा सांगतायत. तुझी तक्रार दुसरी काय आहे? ढोंगी माणूस लोकांना दाखवण्यासाठी भाव आणतो. तू आईशेजारी बसून, भाव येत नाही म्हणून आतल्या आत तडफडतेस. तुला ढोंगी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

चित्त नव्हतं, मग त्यांनी केलं काय? त्या अभंगातली ही कामं बघ, अंगानं करायची आहेत. मोडलेलं देऊळ बांधायला घेतलं. संतांची वचनं पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरलं. शरीर कष्टवून जमेल तेवढा उपकार केला. "मला काही वाटतंय का" हे तपासत बसण्याऐवजी हातापायांना आणि गळ्याला काम दिलं.

म्हणून तुझ्यासाठी माझं सांगणं असं. महिनाभर हरिपाठाचं पुढेपण आईला दे. चरण तिला म्हणू दे, तू फक्त "हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा" एवढं ध्रुपद धर. 28 अभंग भावानं म्हणण्याचं ओझं एकटीच्या डोक्यावर नको. जवळच्या देवळात एकादशीला भजन होत असेल तर मागच्या रांगेत जाऊन बस. टाळ हातात घे, तालाकडे लक्ष दे, डोळे मिटून विठ्ठल दिसतोय का हे शोधू नकोस. आणि आयसीयूबाहेर तुझ्यासारखीच एखादी बसलेली असेल, तिला एखाद्या दिवशी डबा नेऊन दे. हेही त्याच अभंगात बसतं.

पण खरं दुखणं मन न लागण्याचं नाही, असं मला पत्र वाचून वाटलं. तू विठ्ठलावर रागावली आहेस. त्या रात्री तू त्याच्याशी एक व्यवहार केला होतास, मी म्हणते, तू वाचव. त्यानं तो पाळला नाही. बघवत नाही ते त्यामुळे. मग तो राग त्याला सांग की! आपल्याकडे त्याची बंदी कधीच नव्हती. जनाबाई अंगणात उभी राहून "अरे विठ्या अरे विठ्या" म्हणत शिव्या घालते, आणि त्या साध्यासुध्या शिव्या नाहीत. तुकोबा तर "माझे लेखीं देव मेला" इथपर्यंत जातात, आता बोलणं नाही, नाव घेणं नाही, दोघांचं तुटलं. हे अभंग कुणी गाथ्यातून फाडून टाकले नाहीत. तुला अभंग रचायला नकोत. आई झोपल्यावर फोटोसमोर बस आणि बार्शीकडच्या बोलीत जे तोंडाला येईल ते बोल. ज्याच्यावर एवढा राग येतो, तो नाहीच असं तुझं अजून ठरलेलं दिसत नाही.

दिराला उत्तर देत बसू नकोस. तो म्हणतो ते उद्या तुलाही पटेल, कदाचित पटणार नाही. तुकोबांनी खऱ्याखोट्याला मन साक्षी ठेवलं, बहुमत मानलं नाही. त्या बहुमतात चुलतेही आले आणि दीरही.

माळ आत्ता उतरवू नकोस, कारण आत्ता उतरवलीस तर ती रागानं उतरेल. पुढच्या आषाढीपर्यंत थांब. त्यानंतरही आतून काहीच उरलं नाही असं वाटलं, तर ज्यांच्या हातून घेतलीस त्यांना सांगून उतरव. आकाश कोसळणार नाही. खोटी माळ मात्र केवळ आईसाठी जन्मभर वागवू नकोस.

एक विचारते. झोप लागते का? जेवण जातं? 2 वर्षांनंतरही रात्री तो आयसीयूचा कॉरिडॉर डोळ्यांपुढे येत असेल, छातीत धडधडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. हरिपाठ आणि डॉक्टर एकमेकांच्या आड येत नाहीत. दादांना नाही का आपण दवाखान्यात नेलं?

मुलाला खरं सांग. "मला माहीत नाही. मलाही हाच प्रश्न पडलाय आणि मला विठ्ठलाचा राग आलाय." 11 वर्षांच्या मुलाला एवढं समजतं. आजोबांना देवानं बोलावून घेतलं वगैरे सांगू नकोस, नाहीतर तो उद्या तुझ्यासाठी घाबरेल.

राहिली आई. ती खचेल हे तू परस्पर ठरवलंस. जिचा नवरा गेला, तिला विठ्ठलाला काहीच विचारावंसं वाटलं नसेल? हरिपाठ झाल्यावर निरांजन विझवायच्या आधी तिला सरळ विचार, "आई, तुला त्याचा राग येतो का गं?" ती काय म्हणाली ते मला कळव.