वाया जाणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग घ्यावा का?

आठवी-नववीतली 'हाताबाहेर चाललेली' वीस मुलं निवडून त्यांचा दर आठवड्याला वेगळा तास घ्यायचा, त्यासाठी कोणता कार्यक्रम चांगला, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, कार्यक्रम कुठलाही घ्या, पण ती वीस जणं एका खोलीत कोंडू नका.

मी शाळेत समुपदेशक आहे आणि हा उद्योग मी करून बसलोय. नऊ वांड पोरं शेवटच्या तासाला एकत्र बसवली. महिनाभरात त्यांची टोळी झाली. जो नुसत्या दांड्या मारायचा, त्याला सिगारेट कुठे मिळते ते कळलं. कुणी उलट उत्तर दिलं की बाकीचे खिदळायचे, आणि त्या खिदळण्यापुढे माझ्या शाबासकीला कोण विचारतो! शाळेने आमचं नाव 'सुधारगृह' ठेवलं, ते वेगळंच.

पुढे वाचताना कळलं की हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत १९३९ साली सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोगात मुलांना वर्षानुवर्षं मार्गदर्शन मिळालं. गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅककॉर्ड यांनी तीसेक वर्षांनी त्यांचा माग काढला, तर मदत न मिळालेल्यांपेक्षा यांचीच गत वाईट निघाली. त्यातही जी पुन्हा पुन्हा उन्हाळी शिबिरांना गेली, त्यांची जास्त. तुरुंग दाखवून दम भरण्याचे प्रकार तर उलटेच पडलेत. तिथे नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले.

मग करायचं काय? संपूर्ण वर्गाला धरा. मुलांच्या आत्महत्या कशा रोखायच्या हे बघायला युरोपात दहा देशांतल्या १६८ शाळांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. एका गटात सगळ्या वर्गाने मिळून ताणाचे, भांडणाचे प्रसंग वठवले, त्यावर बोलले. जेमतेम पाच तासांचं काम. वर्षभरात तिथले आत्महत्येचे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याच्या आसपास आले. शिक्षकांना लक्षणं ओळखायला शिकवणं किंवा चाळणी लावून मुलं तज्ज्ञांकडे पाठवणं, या दोन्हींनी मात्र ठळक फरक पडला नाही.

तुमची यादी फुकट जाणार नाही. त्यातल्या एकेका मुलामागे एकेक शिक्षक ठेवा, शक्यतो त्याला आवडणारा. त्याने रोज हजेरी बघायची, दांडी पडली तर दुसऱ्या दिवशी विचारायचं, घरी फोन करायचा. हे वर्षभर चालवावं लागतं, म्हणून सहसा कुणी करत नाही. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली, तर तासाची वाट बघू नका. त्याच दिवशी पालकांना बोलवा, डॉक्टरांकडे पाठवा, तोवर त्याला एकटं सोडू नका.