हवाई कसरतींची विमानं नऊ, मग पथकात शंभर माणसं कशाला?

प्रश्न असा आहे: सूर्यकिरण किंवा रेड ॲरोजच्या प्रात्यक्षिकात विमानं नऊच दिसतात, तरी पथकात शंभराहून जास्त माणसं असतात असं वाचलं. ती नेमकी काय करतात?

आकडा बरोबर आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या रेड ॲरोजमध्ये तंत्रज्ञ आणि बाकीचे साहाय्यक मिळून शंभरावर लोक आहेत, त्यांना 'ब्लूज' म्हणतात. आपलं सूर्यकिरण म्हणजे भारतीय हवाई दलाची, बिदर तळावरची ५२ क्रमांकाची स्क्वॉड्रन (तुकडी). १९९६ मध्ये किरण मार्क २ या प्रशिक्षण जेटवर सुरू झालेलं हे पथक २०११ मध्ये थांबलं आणि पुढे हॉक मार्क १३२ या दुसऱ्या प्रशिक्षण जेटवर पुन्हा उभं राहिलं. रेड ॲरोजही हॉकच उडवतात, फक्त जुनं टी १. विमानाभोवतीची कामं त्यामुळे बरीचशी तीच. खालचे आकडे रेड ॲरोजचे आहेत, कारण त्यांची माहिती जास्त उघड आहे.

धुरापासून सुरू करतो, कारण प्रेक्षकांना तोच दिसतो आणि त्यामागची मेहनत कुणालाच दिसत नाही. विमानाच्या पोटाखाली एक पॉड, म्हणजे लांबट डबा, असतो, त्यात तीन टाक्या. एकीत ५० गॅलन म्हणजे सुमारे २२७ लिटर साधं डिझेल, उरलेल्या दोनांत प्रत्येकी १० गॅलन, म्हणजे ४५ लिटर, लाल आणि निळा रंग मिसळलेलं डिझेल. बटण दाबलं की हे डिझेल शेपटीकडे जातं आणि जेटपाइपच्या, म्हणजे इंजिनाच्या धुराड्याच्या, तोंडाशी गरम झोतात सुटतं. तिथे त्याची वाफ होते, मागच्या थंड हवेत तिचे बारीक थेंब बनतात आणि आपल्याला पट्टा दिसतो. यातून पांढरा धूर पाच मिनिटं मिळतो, लाल एक मिनिट, निळा एक मिनिट. भागाकार करून पाहा, तिन्ही टाक्यांचा हिशेब सेकंदाला साधारण पाऊण लिटरवर येतो. प्रात्यक्षिक चालतं वीसेक मिनिटं आणि धूर आहे सातच मिनिटांचा, म्हणून कुठल्या कसरतीत कुठला रंग किती सेकंद सोडायचा हे आधीच ठरवावं लागतं. एखाद्याने बटण बंद करायला उशीर केला तर शेवटच्या कसरतीत त्याच्या मागे काहीच नसतं.

टाक्या भरणाऱ्या गटाला डाय टीम म्हणतात. माझ्या मते पथकातलं सगळ्यात कमी कौतुकाचं आणि सगळ्यात घाण काम हेच. अंगभर ओव्हरऑल, हातमोजे, गॉगल, तरी रंग लागतोच आणि लागला की निघता निघत नाही. लाल आणि निळ्याच्या नळ्यांची सरमिसळ चालत नाही. टाकी ओसंडली तर डिझेल विमानाच्या अंगावरून ओघळतं आणि जमीन निसरडी होते, मग पुढचं उड्डाण व्हायच्या आत पुसापुशी. धूर नुसता शोभेचा असता तर एखादा पॉड बिघडला म्हणून कुणी फार मनावर घेतलं नसतं. पण पट्टा कुठे सरकतोय यावरून लीडरला, म्हणजे सगळ्यात पुढच्या विमानातल्या वैमानिकाला, वाऱ्याचा अंदाज येतो आणि समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांना एकमेकांची जागा धुरामुळे लांबूनच दिसते.

आता दोन उड्डाणांच्या मधलं काम. विमान जागेवर थांबलं की चाकांना चोक, म्हणजे अडवण्या, लागतात. वैमानिक इजेक्शन सीटची (संकटात त्याला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटची) सुरक्षा पिन लावतो आणि खालचा माणूस ती स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. मग इंजिन ऑइल. हे इंजिन बंद झाल्यावर ठरलेल्या वेळेतच बघायचं असतं, उशीर झाला की पातळी फसवी दिसते. एअर इनटेकमध्ये टॉर्च घालून पाती तपासायची: खडा, पक्षी, एखादा टवका. टायर, ब्रेक, हायड्रॉलिक, ऑक्सिजन, इंधन. किती वेळा किती जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ताण, बसला हे मोजणारं मीटर असतं, त्याची नोंद. कसरतींच्या विमानाचं आयुष्य नुसत्या उड्डाणाच्या तासांवर ठरत नाही, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

आणि कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण. ती पुसण्याचं काम वाटतं तितकं हलकं नाही. लीडर सोडून बाकीचे वैमानिक सगळा वेळ शेजारच्या विमानावरच्या ठरावीक खुणांकडे बघत जागा धरतात. कॅनॉपीवरचा चिरडलेला किडा आकाशात लांबच्या विमानासारखा दिसतो. शिवाय हॉकच्या कॅनॉपीला आतून नागमोडी बारीक स्फोटक दोरी चिकटवलेली असते, सीट सुटताना ती कॅनॉपी फोडते. तेव्हा फडकं घेऊन कुणीही वर चढलं असं होत नाही.

इजेक्शन सीटवर काम करणारे तंत्रज्ञ वेगळे असतात. का, ते ८ नोव्हेंबर २०११ च्या अपघातावरून कळतं. स्कॅम्प्टन तळावर रेड ॲरोजचं एक विमान जमिनीवर उभं असतानाच सीट सुटली आणि वैमानिकाचा मृत्यू झाला. त्यात दोन दोष एकावर एक आले. सीटचं हँडल असुरक्षित स्थितीत सरकलेलं होतं, पण त्या स्थितीतही सुरक्षा पिन आत जात होती, म्हणून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटलं. दुसरा दोष म्हणजे आधी उघडणाऱ्या छोट्या पॅराशूटच्या शॅकलचा (जोडकडीचा) बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळलेला होता, त्यामुळे शॅकल सुटली नाही आणि मुख्य पॅराशूट उघडलंच नाही. बोल्ट ढिला राहण्याची भीती सगळ्यांना असते. जास्त आवळल्यानेही जीव जातो हे लक्षात ठेवायला शिकवावं लागतं.

हत्यारांचा हिशेब हा असाच कंटाळवाणा पण न टळणारा भाग. पेटीत प्रत्येक पान्याची त्याच्या आकाराची खाच असते, रिकामी खाच लगेच डोळ्यांत भरते. काम संपलं की मोजणी. एक जरी स्क्रूड्रायव्हर सापडला नाही तर तो मिळेपर्यंत विमान जागचं हलत नाही, मग समोर कितीही गर्दी ताटकळत असो. कंट्रोलच्या दांड्यांमध्ये अडकलेलं हत्यार उलट्या विमानात कुठे घरंगळेल सांगता येत नाही.

रेड ॲरोजमध्ये 'सर्कस' नावाचा एक छोटा गट आहे. हॉकला दोन सीट असतात. प्रात्यक्षिकात मागची रिकामी असते, पण एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना तिथे तंत्रज्ञ बसतो. हंगामभर एक वैमानिक आणि एक तंत्रज्ञ अशी जोडी ठरलेली असते. उतरल्यावर बाकीचं पथक रस्त्याने पोचेपर्यंत विमान पुन्हा तयार करण्याची जबाबदारी याच मोजक्या लोकांची, म्हणून प्रत्येकाला आपल्या ट्रेडबाहेरचीही कामं यावी लागतात. हे मानाचं पद आहे आणि धोक्याचंही. २० मार्च २०१८ रोजी व्हॅली तळावरून निघालेलं हॉक टेकऑफनंतर इंजिन बंद पडल्याचा सराव करताना कोसळलं. वैमानिक बाहेर पडला, मागच्या सीटवरच्या तंत्रज्ञाला तेवढा वेळ मिळाला नाही. 'जमिनीवरचे लोक' हा शब्दप्रयोग मला म्हणूनच थोडा खटकतो.

रेड ॲरोजमधला 'रेड १०' हा स्वतः वैमानिक असतो, पण प्रात्यक्षिकात उडत नाही. तो रेडिओ घेऊन प्रेक्षकांच्या बाजूला उभा राहतो. लोकांना ऐकू येतं ते त्याचं समालोचन, पण खरं काम लक्ष ठेवण्याचं: वारा, खाली येणारे ढग, चुकून हद्दीत शिरलेलं एखादं छोटं विमान. काही गडबड दिसली की तो लीडरला सांगतो. दहावं हॉक तोच घेऊन येतो, म्हणजे जास्तीचं विमानही हाताशी राहतं. सूर्यकिरणमध्येही समालोचनासाठी वेगळा अधिकारी असतो.

प्रत्येक सराव आणि प्रात्यक्षिक जमिनीवरून चित्रित होतं. उतरल्यावर वैमानिक तेच थांबवून थांबवून बघतात, कोण किती फूट मागे राहिला ते त्यात लपत नाही. कॅमेरामनने फ्रेम सैल धरली किंवा एखादी कसरत अर्धी पकडली तर त्या उड्डाणाची चर्चा निम्मी वाया गेली म्हणून समजा.

उरलेल्यांत जी-सूट (जी सोसायला मदत करणारा पोशाख), हेल्मेट, लाइफजॅकेट सांभाळणारे, स्टोअर्स, ड्रायव्हर, कार्यालय आणि जनसंपर्क. हिवाळ्यात बाहेरचे कार्यक्रम नसतात तेव्हा एकेक विमान उघडून मोठी दुरुस्ती चालते आणि त्याच वेळी नव्या वैमानिकांचे दिवसाला तीन-तीन सराव सुरू असतात. म्हणजे हँगरमध्ये काही विमानं खोललेली आणि बाहेर रोज उडायला पुरेशी तयार हवीत. शंभर माणसं कुठे लागतात ते प्रात्यक्षिकाच्या दिवसापेक्षा या महिन्यांत जास्त कळतं.