ओसाकाहून एका दिवसात कोयासान

कोयासान हे जपानमधलं डोंगरावरचं बौद्ध मंदिरांचं गाव. ओसाकाहून एका दिवसात जाऊन येणं जमतं का? जमतं हो, फक्त सकाळी लवकर निघा. ओसाकातल्या नांबा स्टेशनहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, पुढे केबल कार, मग बस.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटक पास) नानकाईवर चालत नाही. वेगळं तिकीट काढा.
- केबल कारमधून उतरून गावाकडे पायी निघू नका. तो रस्ता फक्त बसचा, चालायला मनाई आहे.
- ओकुनोइनला (इथल्या जुन्या दफनभूमीला) जाताना बसने थेट 'ओकुनोइन-माए'ला उतरू नका. इचिनोहाशी पुलापासून चाला. दोन किलोमीटर, उंच सुगी (जपानी देवदार) वृक्षांखाली दोन लाखांहून जास्त समाध्या. खरं कोयासान हेच! बाकी शंभरावर मंदिरं आहेत, सगळी उरकायला जाल तर नुसती धावपळ.

उंची साधारण 800 मीटर, स्वेटर घ्या. मंदिरातल्या मुक्कामाचं पुढच्या खेपेला बोलू.